औषधाच्या दुकानातली बैठक

अमेरिकेतल्या जुन्या औषधाच्या दुकानात शिरलं की एका बाजूला बाटल्या-बरण्यांची कपाटं दिसत आणि दुसऱ्या बाजूला लांबलचक संगमरवरी काउंटर. मागे आरसा, पुढे गोल फिरती स्टुलं आणि मधे हंसाच्या मानेसारखे वाकलेले चकचकीत नळ. हे ‘सोडा फाउंटन’. आपल्याकडे सोडा गोटीच्या बाटलीतून आला, गाडीपाशी उभ्या उभ्या प्यायचा. तिथे तो नळातून येई, म्हणून माणसं बसत. या बसण्यानेच त्याचा इतिहास घडवला.

सुरुवात औषधी पाण्यापासून झाली. साराटोगासारख्या झऱ्यांचं बुडबुड्यांचं पाणी गुणकारी मानलं जाई. १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी बिअरच्या कारखान्यातला वायू वापरून तसं पाणी तयार केलं. १८०६ मध्ये येलमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन सिलिमन न्यू हेवनमध्ये ते विकू लागले. १८३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या जॉन मॅथ्यूज यांनी सोड्याची यंत्रं बनवायला घेतली. शिशाचं अस्तर लावलेल्या भांड्यात संगमरवराच्या भुकटीवर गंधकाम्ल सोडायचं, निघालेला वायू पाण्यातून धुऊन घ्यायचा आणि दाबाखाली थंड पाण्यात मुरवायचा. आम्ल जपून हाताळणं, कडू औषधासाठी गोड पाक करणं ही औषधविक्याची रोजचीच कामं. म्हणूनच सोडा त्याच्या दुकानात रुजला.

मग पाकांचे प्रयोग सुरू झाले. टेक्सासमधल्या वेको गावी, एका औषधाच्या दुकानात, चार्ल्स आल्डरटन यांनी १८८५ मध्ये ‘डॉ. पेपर’ तयार केलं. ८ मे १८८६ रोजी अटलांटाच्या जेकब्ज फार्मसीत जॉन पेम्बरटन यांचं ‘कोका-कोला’ पाच सेंटला पेला या भावाने विकलं गेलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यू बर्नचे औषधविक्रेते केलेब ब्रॅडहॅम यांनी १८९३ मध्ये केलेलं पेय पुढे ‘पेप्सी-कोला’ झालं. आइस्क्रीम सोड्याचं श्रेय बहुधा फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ग्रीन यांना देतात, साल १८७४.

तो करायची रीत बघण्याजोगी होती. उंच पेल्याच्या तळाशी पाक, त्यावर थोडी साय. नळाचा दांडा एका बाजूला ओढला की जाड धार येई आणि पेला भरे. उलट ढकलला की सुईसारखी बारीक धार सुटे आणि तळचा पाक ढवळून फेस वर आणी. मग आइस्क्रीमचा गोळा. दांड्याला दिलेल्या या हिसक्यावरूनच काउंटरमागच्या पोऱ्याला ‘सोडा जर्क’ म्हणू लागले.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात गुत्ते बंद झाले आणि गप्पांचे अड्डे या काउंटरवर आले. शाळेतली मुलं, कामावरून सुटलेले कारकून, औषधाची वाट बघणाऱ्या बायका असे सगळे तिथे शेजारी शेजारी बसत.

सगळे म्हणजे गोरे सगळे. कित्येक गावांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाचे पैसे चालत, पण त्याने पेला घेऊन बाहेर जावं, स्टुलावर बसू नये. जुलै १९५८ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटाच्या डॉकम ड्रगस्टोअरमध्ये तरुण कृष्णवर्णीय विद्यार्थी येऊन शांतपणे बसू लागले. काही आठवड्यांनी मालकाने नमतं घेतलं. १९ ऑगस्टला ओक्लाहोमा सिटीत शिक्षिका क्लारा लूपर मुलांना घेऊन कॅट्झ ड्रगस्टोअरमध्ये गेल्या. मुलांनी कोका-कोला मागितला. दिला नाही, तरी ती उठली नाहीत. काही दिवसांतच तिथलंही काउंटर खुलं झालं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचं अशाच काउंटरवरचं गाजलेलं धरणं त्यानंतरचं, फेब्रुवारी १९६० मधलं.

तोवर फाउंटनला उतरती कळा लागलीच होती. बाटलीबंद पेयं, घरोघरचे फ्रिज, मोटारी आणि हाताने माल उचलायची मोठी दुकानं यांपुढे संगमरवरी काउंटर परवडेना. मिसिसिपीतल्या कॉरिंथमध्ये १८६५ साली सुरू झालेल्या बोरम्ससारख्या मोजक्या दुकानांनी ते टिकवलं आहे.

ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. त्या स्टुलांवर कोण बसलं, कोणाला बसू दिलं नाही आणि शेवटी कोण बसून राहिलं, हे पुढच्या मुलांना तिथे बसवूनच सांगता यावं.