फवारणी, विहीर आणि पोटातलं बाळ



उसाची लागण झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाफशावर अ‍ॅट्राझिन मारायचं, हे गंगाखेड भागात कुणाला शिकवावं लागत नाही. खुरपणीची मजुरी वाचते, हे खरंच. पण हेच तणनाशक जमिनीत मुरून भूजलात उतरतं, म्हणून युरोपात २००४ साली बंद करण्यात आलं. २००२ साली अमेरिकेत बेडकांवर प्रयोग झाले. पाण्यात त्याचा नाममात्र अंश असतानाही काही नर बेडकांत मादीचे अवयव तयार झाले.

माणूस म्हणजे बेडूक नव्हे, हे मान्य. पण शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, अगदी अल्प मात्रेत काम करतात. आणि बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडू लागतात. सुनेला दिवस गेलेत हे तेव्हा घरात ठाऊकही नसतं.

केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरनं एन्डोसल्फान फवारलं गेलं. देशभर बंदी यायला २०११ साल उजाडलं. तेव्हा बंदीची वाट न पाहता एवढं पाळावं. गर्भार बाई घरची असो की मजुरीची, फवारणीच्या वावरात तिला लावू नये. विहिरीच्या काठावर औषध कालवू नये, पंप धुऊ नये. तिथल्या सऱ्या खुरपूनच घ्याव्यात. रिकाम्या कॅनमधून पिण्याचं पाणी नेऊ नये. फवारणीचे कपडे ज्याचे त्यानं वेगळे धुवावेत, बायकोपुढे टाकू नयेत.

तण पुन्हा काढता येतं. ते तीन महिने पुन्हा येत नाहीत.