घरगुती संगीतश्रवणासाठी विवर्धकाची निवड : निर्वात नलिका की ट्रान्झिस्टर?

प्रस्तावना

ध्वनिमुद्रित संगीत घरी ऐकण्याच्या साखळीत विवर्धक, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील ॲम्प्लिफायर, हा मधला दुवा होय. ध्वनिमुद्रिकेवरून वा संगणकावरून येणारा क्षीण विद्युत संकेत स्पीकर हलविण्याइतका सबळ करणे हे त्याचे कार्य. हे कार्य निर्वात नलिकेने (व्हॉल्व्हने) करावे की ट्रान्झिस्टरने, हा वाद संगीतप्रेमींमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. एका पक्षास नलिकेचा ध्वनी 'उबदार' वाटतो, तर दुसऱ्या पक्षास तीच ऊब म्हणजे सदोषता वाटते. या वादात प्रत्यक्ष मोजता येणाऱ्या राशी मागे पडतात आणि पुष्कळदा भलत्याच ठिकाणी पैसा खर्च होतो. निवडीचा प्रश्न मुख्यतः विवर्धक व स्पीकर यांच्या जोडीचा आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका सिद्ध केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरे अग्र घातले आणि पुढे त्यातूनच विवर्धन शक्य झाले. १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक यांनी निर्गम संकेताचा काही अंश उलट दिशेने आदानाकडे परतवून दोष कमी करण्याची युक्ती शोधली. तिलाच ऋण पुनःप्रदाय असे म्हणतात. १९४७ हे वर्ष दोन्ही पक्षांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश नियतकालिकात विल्यमसन यांचा १५ वॅटचा नलिका-विवर्धक प्रसिद्ध झाला. त्यातील विरूपण ०.१ टक्क्याहून कमी होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला.

भारतातही नलिकांचे युग मोठे होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उद्योगात एकेकाळी व्हॉल्व्ह तयार होत असत. १९६० च्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर-विवर्धकांत संकेताचा धन व ऋण अर्धा भाग वेगवेगळे ट्रान्झिस्टर वाहून नेत. त्यांच्या सांध्यावर उत्पन्न होणारा दोष मंद आवाजात अधिक जाणवे. 'ट्रान्झिस्टरचा आवाज कर्कश' हा समज त्या काळात निराधार नव्हता. पुढे सिलिकॉन ट्रान्झिस्टर व मंडलरचना सुधारल्या. समज मात्र टिकून राहिला.

विरूपणाचे स्वरूप

विवर्धक मूळ स्वरात त्याच्या पटीतील कंप्रतांची भर घालतो. षड्ज २४० हर्ट्झ मानल्यास दुप्पट कंप्रता ४८० हर्ट्झ म्हणजे तार षड्ज, तर तिप्पट ७२० हर्ट्झ म्हणजे तार सप्तकातील पंचम होय. सातपट कंप्रता मात्र आपल्या स्वरसप्तकात कोठेच नीट बसत नाही. एकच शक्तिनलिका वापरणाऱ्या साध्या विवर्धकात मुख्यतः दुप्पट कंप्रतेची भर पडते. ती मूळ स्वरात मिसळून जाते आणि म्हणून कानाला खटकत नाही.

तथापि, एवढ्यावरून हे विरूपण निरुपद्रवी ठरत नाही. दोन स्वर एकत्र वाजताच त्यांच्या कंप्रतांची बेरीज व वजाबाकीही निर्गमात उतरते. २४० हर्ट्झचा षड्ज व ४५० हर्ट्झचा निषाद एकत्र आल्यास ६९० व २१० हर्ट्झचे स्वर उपजतात. यांपैकी ६९० हर्ट्झचा स्वर तार सप्तकातील तीव्र मध्यम व पंचम यांच्यामध्ये लोंबकळतो. तंबोऱ्याच्या साथीचे एकल गायन आणि मोठा वाद्यमेळ यांवर एकाच विवर्धकाचा परिणाम भिन्न होतो, तो यामुळेच.

रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये केलेल्या विवेचनात नलिका व ट्रान्झिस्टर यांतील फरक प्रामुख्याने अतिभाराच्या अवस्थेत दाखविला होता. घरी विवर्धक आपल्या मर्यादेच्या आत चालत असेल, तर हे कारण बरेचसे गळून पडते.

निर्गम संरोधाचे महत्त्व

मर्यादेच्या आतही जो फरक ऐकू येतो, त्याचे एक प्रमुख कारण निर्गम संरोधात सापडते. स्पीकरवर '८ ओहम' असे लिहिलेले असले तरी त्याचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो. तो एका ठिकाणी ४ व दुसऱ्या ठिकाणी २० ओहम आहे असे समजू. विवर्धकाचा स्वतःचा संरोध २ ओहम असल्यास या दोन ठिकाणच्या पातळीत सुमारे २.७ डेसिबलचा फरक पडतो. तोच संरोध ०.०५ ओहम असल्यास फरक ०.१ डेसिबलहून कमी राहतो. पहिला फरक सहज ऐकू येतो, दुसरा बहुधा नाही. अल्प पुनःप्रदायाच्या नलिका-विवर्धकांत पहिली स्थिती, तर ट्रान्झिस्टर-विवर्धकांत सहसा दुसरी स्थिती आढळते. याचाच अर्थ 'उबदारपणा' हा कित्येकदा त्या विशिष्ट स्पीकरच्या संगतीने घडलेला स्वरपालट असतो. स्पीकर बदलल्यास तोही बदलतो.

या संदर्भात १९८५ मधील एक प्रयोग उद्बोधक आहे. अमेरिकेतील बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' नियतकालिकाचे आव्हान स्वीकारून आपला ट्रान्झिस्टर-विवर्धक एका महागड्या नलिका-विवर्धकाशी जुळवून दाखविला. दोहोंच्या निर्गमांची वजाबाकी जवळजवळ शून्य होईपर्यंत त्यांनी मंडलात बदल केले. त्यानंतर संपादकांना दोहोंतील भेद ओळखता आला नाही. घटक भिन्न असूनही ध्वनी सारखा असू शकतो, हे यावरून दिसते.

शक्ती आणि संवेदनक्षमता

३००बी या नलिकेचा एकनलिका-विवर्धक सुमारे ८ वॅट शक्ती देतो. १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरवर त्याची कमाल पातळी ९६ डेसिबल होते. ऐकणारा दूर बसल्यास ती आणखी घटते. तबल्याच्या थापेसारखे क्षणिक उंचवटे तेथे कापले जाण्याचा संभव असतो. उलट, ९७ डेसिबलच्या स्पीकरवर तेच ८ वॅट १०६ डेसिबल देतात. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर एवढे साधण्यास सुमारे ८० वॅट लागतील. स्पीकर ठरविल्यावाचून विवर्धक ठरविणे अव्यवहार्य का आहे, ते या हिशेबावरून ध्यानात येईल.

खर्च व सुरक्षितता

ईएल३४ जातीच्या चार नलिकांचे केवळ तंतू तापविण्यासच सुमारे ३८ वॅट वीज लागते. शक्तिनलिकांचे आयुष्य साधारणतः काही हजार तासांचे असते आणि रोज तीन तास ऐकल्यास वर्षाला सुमारे १,१०० तास खर्ची पडतात. नलिकांचे उत्पादन आज रशिया, स्लोव्हाकिया व चीन अशा मोजक्या देशांत होते. २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे पुरवठा अनिश्चित झाला होता. शिवाय नलिका-विवर्धकात शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत तो काही काळ टिकतो. म्हणून जाणकारावाचून पेटी उघडू नये. रोहित्र वाचविण्यासाठी स्पीकर जोडल्याखेरीज असा विवर्धक वाजवूही नये. ट्रान्झिस्टर-विवर्धकात निर्गमाच्या तारा एकमेकींना चिकटणार नाहीत, ही दक्षता पुरते.

समारोप

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे सुचतो. प्रथम खोली व संगीतप्रकार पाहून स्पीकर निवडावा. नंतर त्याची संवेदनक्षमता व संरोध पाहून विवर्धकाची शक्ती व निर्गम संरोध ठरवावा. तुलना करताना दोन्ही विवर्धकांचा निर्गम दाब मापकाने समान करून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. कोणता विवर्धक वाजत आहे हे ऐकणाऱ्यास कळू देऊ नये.

अवघड संरोधाचा वा कमी संवेदनक्षम स्पीकर असेल आणि खर्च मर्यादित असेल, तर ट्रान्झिस्टर-विवर्धक श्रेयस्कर होय. संवेदनक्षम व सम संरोधाचा स्पीकर असून देखभालीची तयारी असेल, तर नलिका-विवर्धकही समाधान देतो. नलिकेचा स्वरपालट आवडणे ही रुचीची बाब आहे आणि तीत गैर काही नाही. मात्र त्या रुचीस अचूकता म्हणू नये, तसेच अचूकतेच्या आग्रहापायी दुसऱ्याची रुची हीन लेखू नये.