स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि मद्य

स्थूलता घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाने पुन्हा मद्याचा प्याला हाती घेतला, तर त्याचा जुना अनुभव त्याच्या उपयोगी पडत नाही. पूर्वी जेवढ्या मद्याने त्याला जेमतेम हुशारी वाटत असे, तेवढेच मद्य आता त्याला बेहोष करू शकते. मद्य तेच असते, माप तेच असते. बदललेले असते ते शरीर. हा बदल कसा घडतो, हे समजण्यासाठी निरोगी जठराचे कार्य प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

जठर ही केवळ अन्न साठविण्याची पिशवी नव्हे. त्याच्या खालच्या तोंडाशी स्नायूंचे एक कडे असते. देवडीवरील पहारेकऱ्याप्रमाणे ते आतील द्रव्य थोडेथोडे करून लहान आतड्यात सोडते. मद्यार्काचे शोषण जठरात मंद गतीने, तर लहान आतड्यात फार वेगाने होते. म्हणून मद्य जठरात जितके अधिक वेळ थांबेल, तितके ते रक्तात सावकाश उतरते. भरल्या पोटी घेतलेले मद्य उशिरा चढते, त्याचे कारण हेच. शिवाय जठराच्या अस्तरात मद्यार्काचे विघटन करणारे एक विकर असते. मद्यार्काचा काही अंश रक्तात जाण्यापूर्वीच ते नाहीसा करते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली स्थूलतेसाठी ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही शस्त्रक्रिया केली. पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. आजच्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. उरलेले जठर शरीरातच राहते. परंतु अन्नपाणी त्या वाटेने जात नाही. साहजिकच पहारेकऱ्याची देवडी वगळली जाते आणि अस्तरातील विकराची गाठही मद्याशी फारशी पडत नाही. घोट घशाखाली उतरतो न उतरतो, तोच मद्य आतड्यात पोहोचते.

याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही शस्त्रक्रिया झालेल्या ८ आणि अद्याप न झालेल्या ९ स्त्रियांना सुमारे दोन पेल्यांइतके मद्य देऊन त्यांचे रक्त तपासले. शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांच्या रक्तातील मद्यार्क सुमारे २५ मिनिटांनी कळसास पोहोचला. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत तो अवघ्या ५ मिनिटांत पोहोचला, आणि त्याचे प्रमाणही जवळजवळ दुप्पट होते. दोन पेल्यांनी चार पेल्यांचा परिणाम साधला, असाच याचा अर्थ.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे १९ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर श्वासावरून तपासणी झाली. तिचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. लाल द्राक्षमद्याच्या एका पेल्याने पूर्वी रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०२४ टक्क्यांपर्यंत चढत असे. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ते ०.०८८ टक्क्यांवर गेले. मद्यार्क पूर्णपणे उतरण्यास पूर्वी सरासरी ४९ मिनिटे लागत. आता ८८ मिनिटे लागली. कॅलिफोर्नियात वाहन चालविणाऱ्यास ०.०८ टक्के ही कायद्याची मर्यादा आहे. भारतातील मोटार वाहन कायद्याची मर्यादा तर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के एवढीच आहे. ‘एकच पेला घेतला’ हे समाधान अशा चालकाला किती महागात पडेल, हे यावरून दिसते.

जठराचा बराचसा भाग कापून त्याची अरुंद नळी करण्याचीही एक पद्धत आहे. तिचा परिणाम काही निरीक्षणांत असाच आढळला, काहींत तो तितका स्पष्ट नव्हता. सावधगिरी मात्र तेथेही हवीच.

धोका एका संध्याकाळपुरताच नसतो. जे लवकर आणि जोराने चढते, त्याची चटकही लवकर लागते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील रुग्णांवर अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार १,९४५ रुग्णांत मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते. पहिल्या वर्षी ते वाढले नाही, दुसऱ्या वर्षी मात्र ९.६ टक्क्यांवर गेले. वजन उतरलेले, प्रकृती सुधारलेली आणि डॉक्टरांकडील फेऱ्या कमी झालेल्या, अशा काळातच हा विकार डोके वर काढतो. पाच वर्षांच्या निरीक्षणात, पूर्वी अशी लक्षणे नसलेल्या बायपासच्या रुग्णांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांत ती उद्भवली.

यावरून शस्त्रक्रिया टाळावी, असे मुळीच नव्हे. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या व्याधींनी ग्रासलेल्या अनेकांना तिने नवे आयुष्य दिले आहे. परंतु पूर्वीच्या मद्यपानाची हकिकत रुग्णाने शस्त्रवैद्यापासून लपवू नये. आरंभीचे काही महिने मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे. आहार थोडा असल्याने ‘ब१’ जीवनसत्त्वाची उणीव पडण्याचा संभव असतो आणि मद्याने ती वाढते, हेही विसरू नये. घरच्या मंडळींनी आग्रहाचा पेला पुढे करू नये. आणि एक घोट जरी घेतला असेल, तरी वाहनाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी.