कपाशीची पातेगळ : पाणी तुंबलं की झाडच देठ सोडतं



पाऊस उघडला, पण शेतात पाणी तुंबून राहिलं की दोन-चार दिवसांत कपाशीखाली पात्यांचा सडा पडतो. "खत कमी पडलं का?" असं बरेच जण विचारतात. अशा वेळी कारण बहुतेकदा मुळांशी असतं.

पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेली मुळं एक रसायन वर पाठवतात आणि पानांत पोचल्यावर त्याचं इथिलीन होतं. हो, केळी पिकवणारं तेच इथिलीन. एरवी कोवळ्या पात्या-बोंडांतून देठाकडे ऑक्झिन वाहत असतं, तोवर जोड घट्ट राहतो. ढगाळ हवेत अन्न कमी बनतं, ऑक्झिन घटतं, इथिलीन वाढतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा थर सुटतो. झेपेल तेवढंच ओझं झाड ठेवतं. थोडी गळ चांगल्या कपाशीतही असतेच, लगेच घाबरू नका.

आधी उताराकडे चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आल्यावरच एनएए (4.5 टक्के) 10 लिटर पाण्यात साडेचार मिली, म्हणजे 20 पीपीएम, फवारा. हे कृत्रिम ऑक्झिन आहे. पण "अजून एक झाकण टाकू" नको! जादा झालं तर उलट इथिलीन वाढतं. सफरचंदाच्या बागेत फळं विरळ करायला हेच औषध वापरतात. मुळं पाण्यात असतील तर फवारणीचे पैसे वायाच.

गळालेल्या दहा-वीस पात्या फोडून बघा. भोक किंवा अळी दिसली तर ही गळ वेगळी, लगेच फोटो ग्रुपवर टाका.