गाडी दोघांची, स्प्रिंग एकट्याची!
मोटारसायकल घेताना ॲव्हरेजची चौकशी कसून होते. मागे बसणारीच्या पाठीची मात्र कोणी करत नाही. एकट्याने फिरताना मऊ वाटणारी गाडी पत्नी मागे बसली, मांडीवर पिशवी आली, की गतिरोधकावर धाडकन आपटते. मागचे शॉकॲब्सॉर्बर पार दबलेले असतात. शिवाय मागचा भाग खाली बसल्याने हेडलाइटचा झोत वर जातो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला जवळचा खड्डा दिसत नाही.

बहुतेक साध्या गाड्यांत यावर सोय असते. मागच्या स्प्रिंगच्या टोकाशी पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते, पुष्कळदा ५ पायऱ्यांची. आकड्यासारख्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून राहते आणि वजन आल्यावर गाडी कमी बसते. एकट्यासाठी खालची पायरी, दोघांसाठी वरची. दोन्ही बाजू सारख्याच ठेवा, आणि सायलेन्सर गार झाल्यावरच हात घाला! मात्र ५०-५५ किलोच्या माणसाने एकट्याने जाताना कडी वरच्या पायरीवर ठेवली, तर रस्त्यावरची खडीसुद्धा मणक्याला कळेल.

दोघांसाठी मागच्या चाकात हवाही जास्त लागते. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असेल, तर कडी फिरवून काही साधणार नाही. सरळ मेकॅनिककडे न्या.