रोजचा मजकूर

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यातला बहुतेक सगळा मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. त्याच्याही आधी, १८४८ पासून, गोपाळ हरी देशमुखांनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहायला घेतली. ती १०८ झाली. नोकरी सांभाळून, ठरल्या वेळेला, नेमाने लिहीत राहायचं ही मराठीत जुनी रीत आहे. गेला महिनाभर मी ती इंटरनेटवर करून पाहिली. रोज एक छोटा लेख लिहायचा आणि आपणच प्रसिद्ध करायचा. संपादक नाही, छापखाना नाही, मानधन अर्थातच नाही.

विषय गावातलेच घेतले. पिठाची गिरणी, एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी, कल्हईवाला, शनिवारचा बाजार. लोक विचारायचे, रोज रोज सुचतं कसं? सुचण्याची अडचण फारशी आलीच नाही. बाजारात पिशवी घेऊन तासभर उभं राहिलं की चार लेखांचा ऐवज मिळतो. खरी अडचण लिहून झाल्यानंतरची. मी बरीच वर्षं मुद्रितं तपासण्याचं काम केलंय, त्यामुळे ती चटकन लक्षात आली. लेख आणि वाचक यांच्यामध्ये आता कुणीच उभं नव्हतं.

माझ्या उमेदवारीच्या काळात गावातल्या छापखान्यात अजून खिळे होते. लेखकाची कागदं आधी जायची कंपॉझिटरकडे. तो लेखाचा पहिला वाचक, आणि फार चिकट वाचक, कारण त्याला एकेक अक्षर केसमधून उचलून जुळवायचं असायचं. हस्ताक्षर लागलं नाही की हातातली स्टिक तशीच धरून बाहेर यायचा आणि विचारायचा, “हे ‘भरतात’ आहे का ‘मरतात’?” मग गॅली प्रूफ, मग पान लावल्यावरचं प्रूफ, मधे संपादकांची लाल पेन्सिल. प्रत्येक फेरीला एखादा दिवस जायचा. तेवढ्यात लेख शिळा होत नसे, लेखक मात्र निवत असे. आपलंच वाक्य चार दिवसांनी पाहिल्यावर ‘हे कुणी लिहिलं?’ असं वाटायचं आणि मग ते निमूटपणे खोडता यायचं.

‘प्रसिद्ध करा’ या बटणाला असली फेरी नसते. रात्री अकराला शेवटचं वाक्य लिहिलं की अकरा वाजून एका मिनिटाला ते नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत कुणालाही वाचता येतं. याचं कौतुक बरंच होतं. मला त्यात कौतुकापेक्षा धोका जास्त दिसतो. म्हणून पहिली सोय अशी केली की रात्री लिहिलेलं सकाळशिवाय सोडायचं नाही. दुसरी, लॅपटॉपवर लिहिलेलं फोनवर वाचायचं. ओळी वेगळ्या जागी तुटतात, अक्षराचा आकार बदलतो, आणि डोळा जिथून घसरून गेला होता तिथे अडखळतो. तिसरी म्हणजे मोठ्याने वाचायचं. घरात कुणी नसताना, नाहीतर लोक चौकशी करतात.

गिरणीच्या लेखाचंच सांगते. पहिला खर्डा सुरू होत होता तो बालपणापासून. डोक्यावरचा डबा, पिठाचा वास, गिरणीची पुकपुक असं सगळं त्यात होतं आणि ते गोडही होतं. सकाळी मोठ्याने वाचताना तिसऱ्या ओळीलाच मला कंटाळा आला. मराठीत गिरणीवर लिहिलेल्या कुठल्याही लेखाला ती ओळ चालली असती. मग तो अख्खा परिच्छेद उडवला आणि गिरणीवाल्याच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. कापडी नळीतून पीठ पडायला लागलं की तो चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळतो. जाड लागलं तर बाजूचं चाक जरासं फिरवतो, दगड जवळ येतात, पीठ बारीक होतं. बोलता बोलता, न बघता. दगड गुळगुळीत झाले की टाकी मारून घ्यावी लागते. नाहीतर पीठ तापतं आणि त्या पिठाच्या भाकरीला विरी जाते, थापताना चिरा पडतात. उपासाची भाजणी आणि राजगिरा तो ठरावीक दिवशी, दगड साफ करूनच घेतो, कारण आधीच्या धान्याचं थोडं पीठ आत राहतंच. हे सगळं माझ्या वहीत होतं, पण पहिल्या खर्ड्यात चौथ्या परिच्छेदात, आठवणींच्या मागे उभं होतं.

रात्री सोडला असता तर तो लेख बालपणासकट गेला असता. चारदोन जणांनी ‘जुने दिवस आठवले’ म्हणून हात जोडले असते आणि अंगठ्यापर्यंत कुणी पोचलं नसतं.

संपादकाची जागा ही अशी कशीबशी भरून काढली. कंपॉझिटरची जागा भरणं अधिक किचकट निघालं. फोनवर रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवण्याची सोय आहे, पुष्कळजण तेच वापरतात. तिला ‘न’ आणि ‘ण’ मधला फरक आपणच दाखवून द्यावा लागतो, आणि वरच्या पट्टीत सुचवण्या येतात त्यांत हिंदीचा शेजार फार. ‘पाणी’ मागितलं तर ‘पानी’ आधी पुढे करते. घाईत बोट तिथेच पडतं. मी इनस्क्रिप्टवाली आहे: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, शिकायला पंधरा दिवस त्रास, पुढे आयुष्यभर सुख.

तरी ‘दुसऱ्या’ या शब्दाने सगळ्यांनाच छळलंय. यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण तो मजकूर कुणी उचलून दुसरीकडे चिकटवला की अदृश्य चिन्ह कधी कधी वाटेत गळतं आणि ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, वर रफार घेऊन. फॉरवर्डमध्ये हे रोज दिसतं आणि लोक लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाला हसतात. शिवाय एका तऱ्हेने लिहिलेलं ‘वऱ्हाड’ दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर साध्या ‘फाइंड’ला सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लिहिलेल्या मजकुरात ‘ऍ’ आहे, किंवा ‘अ’वर वेगळी चंद्रकोर ठेवलेली आहे. जुने आणि नवे लेख एकत्र ठेवणाऱ्याने हे एकदा बसून सारखं करून घ्यावं. मी पहिल्याच आठवड्यात केलं, कारण खिळ्यांच्या केसमध्ये चुकीच्या खणात पडलेला टाइप परत जागेवर टाकायची सवय जात नाही.

शुद्धलेखनाच्या नियमांचं कुणी विचारू नये. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर मला पाठ आहेत, आणि तरीही रोजच्या लेखात मी ‘केलं, गेलं, पत्रं’ असंच लिहिते. बोलण्याच्या जवळचं लिहायचं तर टिंब हवं. एकारान्त ‘केले, गेले’ लावलं की गिरणीवाला तहसीलदारासारखा बोलायला लागतो.

आता वाचक. आकड्यांचा पडदा दिवसातून एकदाच, संध्याकाळी पाहायचा असं ठरवलं होतं आणि ते बऱ्यापैकी पाळलं. आकडा किती जणांनी उघडलं ते सांगतो, वाचलं का ते सांगत नाही. सर्वांत जास्त उघडला गेलेला लेख एसटी स्टँडचा. त्यात लाल डबा हे शब्द पहिल्या ओळीत होते एवढंच त्याचं कर्तृत्व, असं माझं मत आहे. कल्हईवाल्याचा लेख त्याहून कितीतरी सरस होता. नवसागराची पूड तापल्या भांड्यावर पडली की पांढरा धूर उठतो, त्याच क्षणाला कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून पुसून घ्यायचं असतं, सगळा खेळ काही सेकंदांचा. तो मोजक्या लोकांनी उघडला. पण त्यांतल्या बेळगावच्या एका बाईंनी सविस्तर लिहून कळवलं की त्यांच्याकडे कल्हई आली की आधी चिंचेचा कोळ भांड्याला लावून ठेवायची जबाबदारी मुलांवर असे. ती भर मी लेखाखाली, त्यांच्या परवानगीने, तारीख घालून जोडली. एरवीही माझा तोच शिरस्ता आहे: काना-मात्रा गुपचूप दुरुस्त करायची, पण माहितीत फरक झाला तर तसं लिहून. छापलेला अंक बदलता येत नसे, म्हणून पुढच्या अंकात खुलासा यायचा. इथे बदलता येतं म्हणूनच तो खुलासा जास्त गरजेचा. काल वाचलेलं आज वेगळं दिसलं तर वाचकाने कुणाला विचारावं?

सर्वांत कडक वाचक म्हणजे सांगलीची मावशी. फोनवर अक्षर हे एवढं मोठं करून वाचते, एका पडद्यावर जेमतेम सात-आठ शब्द मावतात. त्यामुळे लांब वाक्य तिला सहनच होत नाही. दुपारी फोन येतो.

“अगं, ते बाजाराचं छान झालंय. पण शेवटी ते काय, माणुसकीबिणुसकी?”

“जरा समारोप केला गं, मावशी.”

“भाजीवालीने वाटा उचलून पिशवीत टाकला, झालं की. पुढचं मला कळतं.”

त्या दिवशीच्या लेखाची शेवटची दोन वाक्यं मी फोन ठेवल्यावर काढून टाकली. रोज लिहिणाऱ्याच्या हाताला वळण पडतं, आणि ते वळण शेवटाकडे सर्वांत आधी दिसतं. आठवड्याला एक लेख असता तर ते कळायला वर्ष लागलं असतं. रोजच्या लेखनाचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा हाच. खोड लवकर उघडी पडते.

लेख उचलून व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यांबद्दल थोडंसं. नाव गळतं. गळलेल्या जागी काही दिवसांनी कुठलं तरी मोठं नाव चिकटतं, पु.ल. आणि व.पु. यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेलं किती खपतं हे सगळ्यांना माहीत आहे. याला इलाज नाही. मी एवढंच करते की गावाचं, पेठेचं, धंद्याचं नाव मजकुराच्या पोटात घालते, म्हणजे सही गेली तरी लेख कुठला ते कळावं. भाऊ महाजनांना ही काळजी नव्हती. ‘लोकहितवादी’ कोण हे झाकायचंच होतं.

महिना संपल्यावर वेळापत्रक बदललंय. आता आठवड्याला दोन लेख, सोमवारी आणि गुरुवारी. मधले दिवस खर्डा तसाच पडू द्यायचा. सध्या रसवंतीचा लेख पडलाय. चरकातून ऊस दोनदा काढायचा का तीनदा, यावर स्टँडसमोरच्या दोन रसवंतीवाल्यांचं जमत नाही, आणि मला दोघांचाही रस पिऊन बघायचाय.