पट्टी तोंडावर, उंदीर थिएटरात

मार्च १९२५मध्ये बव्हेरिया सरकारने हिटलरला जाहीर सभेत बोलायला मनाई केली. प्रशियासह इतर राज्यांनीही तोच कित्ता गिरवला. नाझी पक्षाने या बंदीचं भांडवल केलं ते एका पोस्टरमधून. हिटलरचा चेहरा, तोंडावर पट्टी आणि खाली गाऱ्हाणं, की पृथ्वीवरच्या दोनशे कोटी माणसांत जर्मनीत बोलायची बंदी फक्त या एकाला! बिचारा.

या मुस्कटदाबीने गांजलेल्या पक्षाच्या सभेत मात्र दुसऱ्याने तोंड उघडायची सोय नव्हती. मे १९२७मध्ये बर्लिनला पक्षाचा नेता गोबेल्स याचं भाषण चालू असताना एका श्रोत्याने मधेच टोमणा मारला. त्याला बदडून बाहेर काढण्यात आलं.

गोबेल्स आपला बेत लपवतही नव्हता. १९२८च्या निवडणुकीआधी त्याने आपल्या वृत्तपत्रात सरळ लिहिलं, की आम्ही संसदेत जातोय ते लोकशाहीचीच शस्त्रं घेऊन तिला मोडायला. त्यासाठी ती आम्हाला फुकट रेल्वे पास आणि भत्ता देत असेल, तर तो तिचा मूर्खपणा. तो निवडून आला. खासदारकीचं कायदेशीर कवचही पदरात पडलं.

ते कवच घेऊन ५ डिसेंबर १९३०च्या संध्याकाळी तो बर्लिनच्या मोझार्ट थिएटरात गेला. रेमार्कच्या युद्धविरोधी कादंबरीवरचा अमेरिकन चित्रपट नुकताच लागला होता. खेळ सुरू झाला आणि त्याच्या माणसांनी घोषणा सुरू केल्या, दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, पांढरे उंदीर सोडले. प्रेक्षकांची पळापळ झाली, खेळ बंद पडला. पुढचे काही दिवस रस्त्यावर निदर्शनं झाली. अखेर ११ डिसेंबरला सेन्सॉरच्या वरिष्ठ मंडळाने चित्रपटावरच बंदी घातली. कारण दिलं, परदेशात जर्मनीची बदनामी होते! चित्रपटात खोटं काय आहे, हे सिद्ध करायची नाझींना गरजच पडली नाही. दंगा त्यांनी केला, कात्री सरकारने चालवली.

हिटलरला बोलू द्यायला हवं होतं की नको, यावर अजून हमरीतुमरी होते. मला तो वाद दुय्यम वाटतो. जीभ बांधायला निघालेल्या त्या व्यवस्थेचा हात गुंडगिरीपुढे सैल पडला. भाषणबंदीच्या आधीही हेच घडलं होतं: सशस्त्र उठावाबद्दल पाच वर्षांची शिक्षा झालेला हिटलर निकालानंतर नऊ महिन्यांत बाहेर होता.

सत्ता मिळाल्यावर त्याने पट्टी कुणाच्या तोंडावर बांधली, ते लगेच दिसलं. २८ फेब्रुवारी १९३३च्या वटहुकमाने भाषण, वृत्तपत्रं, सभा, सगळी स्वातंत्र्यं गुंडाळली गेली. २३ मार्चला संसदेने हिटलरला सर्वाधिकार दिले, तेव्हा कम्युनिस्ट खासदार अटकेत किंवा भूमिगत होते आणि सभागृहात गणवेशातले नाझी उभे होते. तरीही सोशल डेमोक्रॅट नेते ओटो वेल्स विरोधात बोलले. हिटलरने उठून त्यांना सुनावलं, की तुमची मतं मला नकोच आहेत. ठराव ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला. २२ जूनला वेल्स यांच्या पक्षावर बंदी आली.